काठीवाल्या आजी आणि कौन्सिलचं अंदाजपत्रक



दर मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचं बिल घरी येतं, तेव्हा तुम्ही काय करता? मी काय करायचो ते सांगतो. शेवटचा आकडा बघायचा, "परत वाढवला मेल्यांनी" असं म्हणायचं, डायरेक्ट डेबिट चालू आहे ना ते तपासायचं आणि बिलासोबत आलेलं रंगीत पत्रक न उघडता रिसायकलिंगच्या डब्यात टाकायचं. इंग्लंडात येऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली आठ बिलं मी याच पद्धतीनं निकालात काढली होती. आयटीवाला माणूस, सॅलरी स्लिपवरची पै न् पै तपासतो, पण कौन्सिल टॅक्स म्हणजे पावसासारखा. तो पडणारच, त्यात बघायचं काय?

२०२५ च्या जानेवारीत हे बदललं. कारण झाल्या काठीवाल्या आजी.

आमची चिऊ शाळेत जाते तो रस्ता एका बाजूनं बस आणि दुसऱ्या बाजूनं लॉऱ्या असा आहे. सकाळी साडेआठच्या आसपास तिथं पिवळाधमक कोट घालून, हातात गोल पाटीची उंच काठी घेऊन एक बाई उभ्या असतात. इंग्रजीत त्यांना 'लॉलीपॉप लेडी' म्हणतात, चिऊ म्हणते 'काठीवाल्या आजी'. त्या काठी आडवी धरून रस्त्यात उतरल्या की कायद्यानं गाडीवाल्याला थांबावंच लागतं. एका सकाळी शाळेच्या गेटवर दुसऱ्या एका आईनं सांगितलं, "कळलं का? एप्रिलपासून त्या नसणार. कौन्सिल पाच क्रॉसिंग बंद करतंय. बजेट."

मी तिथंच पेटलो. दोन हजार पौंडांच्या वर टॅक्स भरतो आणि यांना मुलांना रस्ता ओलांडून द्यायला पैसे नाहीत?

त्या रविवारी बाबांना फोन केला. बाबा एका लहान नगरपालिकेच्या लेखा विभागात तीस वर्षं होते. सरकारी पैशाचा विषय निघाला की माणूस खुलतो.

"खर्च किती आहे त्याचा?" बाबा.

"माहीत नाही. असेल काही हजार पौंड."

"कुठल्या लेखाशीर्षाखाली?"

"बाबा, मला काय माहीत!"

"मग भांडायला कशाच्या जोरावर निघालास? आधी अंदाजपत्रक उघड. पैसा कुठून येतो, कुठल्या शीर्षाखाली जातो, कुठला खर्च बंधनकारक आणि कुठला ऐच्छिक, ते बघ. मग बोल."

उघडलं. चारशे पानांची पीडीएफ. तीन रात्री गेल्या, पण आपण सगळे ज्याला "ते बिल" म्हणतो त्याच्या मागं काय आहे ते पहिल्यांदा समजलं. इथल्या मंडळींना उपयोग होईल म्हणून थोडक्यात सांगतो.

आधी मिळकत. कौन्सिलला पैसा येतो केंद्र सरकारच्या अनुदानातून, दुकानं-ऑफिसांवरच्या बिझनेस रेट्सच्या हिश्श्यातून, पार्किंगसारख्या फीमधून आणि आपल्या कौन्सिल टॅक्समधून. शाळांचे पैसे सरकारकडून येतात आणि जवळजवळ जसेच्या तसे शाळांकडे जातात, कौन्सिलला ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. कौन्सिलच्या भाड्याच्या घरांचा हिशोबही वेगळा. आपल्या बिलात पोलीस आणि फायर ब्रिगेडचा वाटा असतो, तोही कौन्सिल नुसता गोळा करून पुढं पाठवते.

कौन्सिल टॅक्सची जन्मकथाही मजेशीर आहे. त्याआधी पोल टॅक्स होता, माणशी एक कर, स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९० पासून. त्यावर ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गार स्क्वेअरमध्ये दंगल झाली आणि १९९३ मध्ये कौन्सिल टॅक्स आला. घराची किंमत १ एप्रिल १९९१ ला किती होती (किंवा असती) यावरून ए ते एच असे आठ गट पाडले. इंग्लंडमध्ये ते मूल्यांकन आजवर बदललेलं नाही! म्हणजे २०२० साली बांधलेल्या माझ्या घराची १९९१ ची काल्पनिक किंमत कोणीतरी ठरवली आणि त्यावर मी कर भरतो. शिवाय सर्वांत वरच्या एच गटाचा कर सर्वांत खालच्या ए गटाच्या फक्त तिप्पट. राजवाडा असो की महाल, तिपटीच्या वर नाही. इंग्लंडमधला डी गटाचा सरासरी कर २०२५-२६ साली २,२८० पौंड होता.

बरं, पैसे कमी पडले तर कर वाढवा की! नाही वाढवता येत. २०११ च्या लोकलिझम कायद्यानं असं केलं की सरकारनं ठरवलेल्या मर्यादेवर कर न्यायचा तर सार्वमत घ्यायचं. आमच्यासारख्या कौन्सिलना २०२५-२६ साठी ही मर्यादा होती पाच टक्के, म्हणून सगळीकडे वाढ ४.९९ टक्के! दुकानातल्या ९९९ रुपयांच्या चपलेसारखी. यात दोन टक्के फक्त वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीसाठी. असं सार्वमत आजवर एकदाच झालं, २०१५ च्या मे महिन्यात बेडफर्डशायरच्या पोलिसांच्या हिश्श्यासाठी, आणि लोकांनी ते पाडलं. २०१७ मध्ये सरे काउंटीनं १५ टक्क्यांसाठी सार्वमत घ्यायचं जाहीर केलं आणि मागं घेतलं.

मग कर्ज काढा? तेही नाही. रोजच्या खर्चासाठी कौन्सिलला कर्ज काढता येत नाही, फक्त इमारती, रस्ते अशा भांडवली कामांसाठी काढता येतं. (हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.) ११ मार्चच्या आत जमाखर्च जुळवून कर ठरवावाच लागतो. नाहीच जुळला, तर मुख्य अर्थ अधिकाऱ्याला १९८८ च्या कायद्याच्या ११४ कलमाखाली नोटीस काढावी लागते. म्हणजे व्यवहारात दिवाळखोरीची दवंडीच, नवीन खर्च बंद. नॉर्थॅम्प्टनशायर २०१८, क्रॉयडन २०२०, स्लाव २०२१, थरॉक २०२२, वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम २०२३. नॉर्थॅम्प्टनशायर काउंटी कौन्सिल तर २०२१ मध्ये बरखास्तच झालं. बर्मिंगहॅमकरांचा कर खास परवानगीनं २०२४ मध्ये जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, क्रॉयडनचा २०२३ मध्ये पंधरा.

आता खर्च. आमच्या कौन्सिलचा निम्म्याहून बराच जास्त पैसा दोनच गोष्टींवर जातो: वृद्ध-अपंगांची देखभाल आणि संकटातल्या मुलांची काळजी. दोन्ही कायद्यानं बंधनकारक. हात आखडता घेता येत नाही आणि मागणी दरवर्षी वाढते. त्यात २०२५ च्या एप्रिलपासून किमान वेतन ताशी १२.२१ पौंड आणि मालकांचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के होणार होता. म्हणजे केअर होमचं बिल आणखी वर. उरलेल्या पैशात कचरा, रस्त्यावरचे दिवे, खड्डे, वाचनालयं, बागा. वाचनालयांना निदान १९६४ च्या कायद्याचा आधार आहे. काठीवाल्या आजींना तोही नाही. कौन्सिलला असा माणूस नेमायचा अधिकार १९५३ पासून आहे, पण नेमायलाच हवा अशी सक्ती कुठंच नाही.

"ऐच्छिक खर्च," बाबा फोनवर म्हणाले. "कुऱ्हाड आधी तिथंच पडते. आमच्याकडे पण वाचनालयाच्या पुस्तकांवर पडायची."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कौन्सिलची बजेटची सभा होती. कोणालाही जाता येतं, विचारावं लागत नाही. मी ऑफिसमधून परस्पर टाऊन हॉलला गेलो. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत आम्ही नऊ जण. लाखावर लोकांच्या गावाचं वर्षाचं अंदाजपत्रक आणि बघायला नऊ माणसं. त्यातले एक आजोबा तर उबेसाठी आले असावेत, सुरुवातीपासून डुलक्या काढत होते.

खाली गळ्यात सोन्याची साखळी घालून मेयर, समोर टेबलावर राजदंड, अर्धवर्तुळात नगरसेवक. सुरुवातीलाच मेयरनी एक सूचना वाचली: ज्या सदस्यांचा स्वतःचा कौन्सिल टॅक्स दोन महिने थकला असेल त्यांनी तसं जाहीर करावं, त्यांना या मतदानात भाग घेता येणार नाही. १९९२ च्या कायद्याचं १०६ वं कलम, मोडलं तर गुन्हा. बाबांना नंतर हे सांगितलं तर पलीकडून बराच वेळ नुसतं हसू येत होतं. म्हणाले, "आमच्याकडे हे लावलं असतं तर गणपूर्तीच झाली नसती."

मग नागरिकांचे प्रश्न. प्रश्न आधी लेखी पाठवायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं. मी मनातल्या मनात भाषण तयार करून गेलो होतो, ते मनातच राहिलं. एकच प्रश्न आला होता. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई उठून खाली माइकपाशी गेली. तिचा मुलगा सोळा पूर्ण झालेला, बोलता येत नाही, व्हीलचेअरवर. खास शाळेत जायला आजवर कौन्सिलची टॅक्सी येत होती. सोळाच्या आतल्या अशा मुलांना फुकट नेण्याची सक्ती आहे, सोळानंतर तशी नाही. म्हणून आता वर्गणी भरा. तिनं शांतपणे कागद वाचला. "मी अर्धवेळ नोकरी करते. ही वर्गणी भरायची तर मला पूर्णवेळ करावी लागेल आणि मग त्याला टॅक्सीत बसवायला घरी कोण असेल?" अर्थखात्याच्या सदस्यांनी सहानुभूती व्यक्त केली, अडचणीत असलेल्यांसाठी सवलतीचा अर्ज आहे असं सांगितलं. ती परत येऊन बसली.

माझ्या मांडीवर कपातीच्या यादीची छापील प्रत होती. साठेक ओळी. 'स्कूल क्रॉसिंग' ही माझी ओळ. तिच्या दोन ओळी वर त्या बाईंची ओळ. तीन रात्री मी ती यादी वाचली होती, पण फक्त माझी ओळ वाचली होती.

सत्ताधाऱ्यांनी अंदाजपत्रक मांडलं. विरोधी पक्षाच्या नेत्यांची उपसूचना आली: पाचही क्रॉसिंग चालू ठेवा, थोडे पैसे कौन्सिलच्या जाहिरात खात्यातून आणि बाकीचे राखीव निधीतून काढा. मी गॅलरीत टाळ्या वाजवल्या, मेयरनी वर बघितलं, मी थांबलो. पण अशा प्रत्येक उपसूचनेवर मुख्य अर्थ अधिकाऱ्याचा शेरा जोडलेला असतो. शेरा चार ओळींचा: राखीव निधी एकदा वापरला की संपतो, हा खर्च मात्र दरवर्षीचा आहे, सबब पुढच्या वर्षी एवढीच तूट पुन्हा उभी राहील. उपसूचना पडली.

मग मूळ ठरावावर मतदान. २०१४ पासून बजेटच्या मतदानात कोणी कुठलं मत दिलं याची नावनिशी नोंद ठेवावीच लागते. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. फॉर, अगेन्स्ट, फॉर, फॉर. पावणेदहाला सगळं संपलं.

जिन्यात एका बाईंनी मला थांबवलं. राखाडी कोट, लोकरीची टोपी. मी ओळखलंच नाही. पिवळा कोट आणि काठी नसली तर कशा ओळखणार? त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या.

"तुमच्या मुलीच्या डाव्या बुटाची नाडी रोज सुटलेली असते," त्या म्हणाल्या. "तिला गाठ मारायला शिकवा."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, फार वाईट झालं, कौन्सिलनं असं करायला नको होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या वॉर्डच्या नगरसेवकाला लिहिलं होतंत?" नव्हतं. "कन्सल्टेशन भरलंत?" नव्हतं. "मत तरी देता ना?"

म्हटलं, "मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे."

"मग? माझी शेजारीण जमैकाची आहे. ती आल्यापासून मत देतेय."

घरी येऊन आधी ते तपासलं. मंडळी, हे किती जणांना माहीत आहे? भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळं इथं व्हिसावर कायदेशीर राहणारा अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. कौन्सिलच्या निवडणुकीतच नव्हे, पार्लमेंटच्यासुद्धा. नऊ वर्षं हा हक्क माझ्या खिशात होता. घरात कोण कोण राहतं असं विचारणारा फॉर्म दरवर्षी येतो, तो मी "आपला काय संबंध" म्हणून बाजूला ठेवत होतो.

मग इनबॉक्स शोधला. कन्सल्टेशनची ईमेल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलेली होती. सहा आठवडे मुदत. मी ती न उघडता डिलीट केलेली होती. बजेटच्या कागदांत लोकांच्या प्रतिक्रियांचं परिशिष्ट होतं, तेही आता नीट वाचलं. क्रॉसिंगच्या विषयावर जेमतेम एक पान. आमच्या शाळेचा उल्लेख दोनदा, आणि दोन्ही प्रतिक्रिया पालकांच्या वाटत नव्हत्या. चारशे मुलांची शाळा!

आपल्या धंद्यातलं सांगायचं तर, मी गो-लाइव्हच्या रात्री येऊन रिक्वायरमेंट बदला म्हणून ओरडत होतो. फेब्रुवारीची ती सभा म्हणजे सह्यांचा कार्यक्रम. खरं काम ऑक्टोबर ते जानेवारी चालतं. मसुदा निघतो, लोकांना विचारतात, समित्यांपुढं छाननी होते. त्या वेळी यादीतली ओळ हलू शकते. सभेच्या दिवशी ती हलवायची तर कोणाचं तरी दुसरं काही त्याच रात्री काढून घ्यावं लागतं.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांना सगळ्यात जास्त आवडला तो अर्थ अधिकाऱ्याचा शेरा. २००३ च्या कायद्याप्रमाणं त्याला सभेला लेखी सांगावं लागतं की हे अंदाज भरवशाचे आहेत की नाहीत आणि राखीव निधी पुरेसा आहे की नाही. बाबा म्हणाले, "आमच्याकडे मार्च आला की पाणीपट्टीची वसुली फुगवून दाखवायची. कागदावर जमाखर्च जुळला, शिलकी अंदाजपत्रक म्हणून पेढे. वर्षअखेरीला वसुली निम्मी, आणि कंत्राटदार बिलं घेऊन माझ्या टेबलासमोर. असा शेरा मारायचा अधिकार मला असता तर…" पुढं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण तुमच्याकडे एवढे शेरे मारूनसुद्धा बर्मिंगहॅम बुडालंच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, निदान इथं नावनिशी मतं तरी पडली. मुंबई-पुण्यात महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रकं आयुक्तांनीच प्रशासक म्हणून मांडली आणि त्यांनीच मंजूर केली. निवडणूक झाली ती थेट २०२६ च्या जानेवारीत. आम्ही शनिवारी भेटणारी मित्रमंडळी त्यावर तावातावानं बोलायचो. त्याच मंडळींना विचारलं, इथल्या आपल्या वॉर्डचा नगरसेवक कोण? सात जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

आता पुढं काय झालं ते. आमच्या शाळेच्या पालकांनी वर्गणी काढली. शाळेनं निम्मे घातले, पालकांनी निम्मे, आणि कौन्सिलनं त्या पैशात आजींना आणखी एक वर्ष ठेवलं. चिऊ खूष, मीही खूष. पण बंद झालेल्या पाचांपैकी एक शाळा आमच्यापासून दोन मैलांवर आहे, दुपदरी मोठ्या रस्त्याच्या कडेला. तिथले बरेच पालक रात्रपाळी करणारे, केअर होममध्ये काम करणारे. तिथं वर्गणी जमली नाही. तिथली काठी एप्रिलमध्ये गेली. आमचा रस्ता त्यांच्याइतका वाईट नव्हता, आणि आजी मात्र आमच्याकडे राहिल्या.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं झेब्रा क्रॉसिंग आहे का?"

"नाही."

"मग दरवर्षीचा माणूस कशाला मागतोस? तो महसुली खर्च, ते देणार नाहीत. झेब्रा क्रॉसिंग माग. एकदाच होणारं काम, भांडवली खर्च. त्याला कर्जही काढता येतं म्हणालास ना?"

२०२५ च्या डिसेंबरात पुन्हा ती ईमेल आली. या वेळी उघडली. फॉर्म भरायला पंचवीस मिनिटं लागली. त्या दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना आधी भेटलो, त्यांच्या पालकांपैकी अकरा जणांनी आपापला फॉर्म भरला, मी आमच्या शाळेतल्या तीस-एक जणांच्या मागं लागलो. नगरसेविकाबाईंना ईमेल केली. चार दिवसांत उत्तर आलं. सोळा वर्षांवरच्या मुलांच्या टॅक्सीच्या वर्गणीबद्दलही एक परिच्छेद लिहिला. त्याचं काय झालं ते अजून समजलेलं नाही, वर्गणी चालू आहे.

तुमच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. मतदार नोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांत होते. सभेचे कागद पाच दिवस आधी वेबसाइटवर येतात. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास तीस कामाचे दिवस कौन्सिलचे हिशोब, अगदी बिलांपर्यंत, लोकांना तपासायला खुले असतात. आपल्यात इतके सीए आणि एक्सेलबहाद्दर आहेत, कोणीतरी जाऊन बघाच. अमेरिकेतल्या मंडळींना बहुतेक ठिकाणी नागरिकत्वाशिवाय मत नाही, पण बजेटच्या जाहीर सुनावणीला जाऊन बसायला कोणाची आडकाठी नसावी. आणि न्यू इंग्लंडमध्ये असाल तर तिथली टाऊन मीटिंग, जिथं गावाचे मतदारच बजेटवर थेट मत देतात, ती आपल्या ग्रामसभावाल्यांनी बघण्यासारखी आहे.

यंदाच्या फेब्रुवारीतही सभेला गेलो. गॅलरीत तेरा जण होतो. भांडवली कामांच्या यादीत त्या दुसऱ्या शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगचं नाव आलं आहे, सध्या फक्त पाहणीसाठी. बाबा म्हणतात, "यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असं समजू नकोस. दर तीन महिन्यांनी विचारत राहा." पहिली ईमेल पाठवली आहे. चिऊला गाठ मारता येते आता.

लेख लांबला, माफी असावी. चूकभूल द्यावी घ्यावी.